दर मंगळवारी मंद होणारा कॉम्प्युटर

"मारू नका हो त्याला. मुकं यंत्र हाय, परत हात नाय उचलणार."

उत्पलाचा हात हवेतच राहिला. तिनं वळून पाहिलं, तर जिन्याच्या वरच्या पायरीवर एक तरुण उभा होता. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात काढलेल्या चपला. अंगात काळ्या लोकरीची बंडी, गुलमंडीच्या बाजारात कुणी घालत नाही तसली, घरी विणलेली. आणि ओठांवर हसू… ते दाबायचा त्याचा प्रयत्न चालला होता, पण जमत नव्हतं.

"मी मारत नव्हते," ती म्हणाली. "धूळ झटकत होते."

"बरोबर. आमच्यातबी मेंढरांची धूळ अशीच झटकतात. काठीनं."

उत्पलाला राग यायला हवा होता. पण तो यायच्या आधीच तिला हसू आलं, आणि मग रागाला जागाच उरली नाही.

हा पुंजारामकाकांचा छापखाना. खाली पायानं चालवायचं ट्रेडल मशीन खडखडायचं, वर माळ्यावर खिडकीशेजारी कॉम्प्युटर. चिकलठाण्याच्या एका कारखान्यानं नवे घेतले तेव्हा हा जुना काकांनी मोठ्या हौसेनं आणला होता. उत्पला त्याच्यावर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दुकानांची पत्रकं जुळवायची. बी.ए. झाल्यावर मिळालेलं हे तिचं पहिलं काम. मुकुंदवाडीहून सकाळी सायकलवर यायचं, माळा झाडायचा, खिडकी उघडायची आणि बटणांवर बोटं ठेवायची. त्या क्षणी ती स्वतःला कुणीतरी वाटायची.

"दुरुस्तीला येणारे नेहमीचे साहेब कुठं गेले?" तिनं विचारलं.

"सासुरवाडीला. त्यांच्या जागी मी आलोय. आजच्यापुरता."

"नाव?"

तो जरा घुटमळला. "ऑफिसात के. बी. म्हणतात."

"आणि घरी?"

"…केरबा."

"मग के. बी. कशाला? केरबाच चांगलंय."

बॅग उघडता उघडता त्याचे कान लाल झाले. त्यानं आधी बंडी काढून लांब खुंटीला टांगली. "आईचा हट्ट. थंडीचं घातल्याबिगर करमाडच्या बाहेर पडू देत नाय. पण लोकरीनं ठिणग्या उडतात, आतलं नाजूक काम जळून जातं."

ती स्क्रू ठेवायला झाकण पुढं करत होती, ते घ्यायला त्याचा हात पुढं आला, आणि टचकन् आवाज झाला. दोघांनीही बोटं मागं ओढली.

"बंडी तर काढलीय ना तुम्ही?"

"काढलीय," तो बोटाकडं बघत म्हणाला. "राहिली असंल थोडी अंगात."

एक सैल वायर घट्ट झाली, ओंजळभर धूळ निघाली आणि यंत्र सुरू झालं. यंत्राच्या दर्शनी बाजूला वेग दाखवणारी आकड्यांची एक छोटी खिडकी होती, तिच्यावर त्यानं टिचकी मारली. "ह्याचा दिवा गेलाय. काय बिघडत नाय." मग पाणी मागितलं. माठ खाली होता. ती तांब्या घेऊन आली तेव्हा तो बंडी घालून तयार होता. पाणी प्याला, चपला हातात घेतल्या, जिना उतरला… आणि चार पायऱ्यांवर थांबून वर पाहिलं.

"झटकत जाऊ नका फार."

त्या दिवशी मंगळवार होता. नोव्हेंबरची तीस तारीख, सन त्र्याण्णव.

*

पुढचा सोमवार. उत्पला फडक्यानं यंत्र पुसत होती. पुसायचं इतकं काही नव्हतं, पण ती त्या आठवड्यात रोज पुसत होती. आकड्यांच्या खिडकीखाली एक बारकं बटण होतं, त्यावरची अक्षरं झिजलेली. फडक्याचा जोर पडला आणि बटण टक् करून बाहेर आलं.

काहीच झालं नाही. तिनं पत्रिकेतलं 'श्री गणेशाय' टाइप करायला घेतलं, तर 'श्री' उमटायला एवढा वेळ लागला की तिनं घाबरून मागं पाहिलं. यंत्र चालत होतं, पण चिखलातून चालल्यासारखं. तिनं बटण परत आत दाबलं. अक्षरं पटापट उमटली. बाहेर काढलं, चिखल. आत दाबलं, डांबरी सडक.

तिच्या मनात एक विचार आला. विचार चांगला नव्हता. म्हणूनच बहुधा तो जाईना.

संध्याकाळी घरी निघताना तिनं बटण बाहेर काढून ठेवलं.

"काका, मशीन लई हळू चाललंय. त्या दिवशीचा मुलगा आला होता ना… त्यालाच बोलवा. त्याला माहिती आहे सगळं."

मंगळवारी केरबा आला. आजची बंडी तीच, पण केसांना तेल लावून भांग पाडलेला. त्यानं दोन-चार गोष्टी चालवून पाहिल्या, घड्याळाकडं बघितलं, खिशातल्या छोट्या वहीत काही लिहिलं. पाणी मागितलं. ती पाणी घेऊन वर आली तेव्हा तो खिडकीतून बाहेर बघत होता.

"मेमरी कमी पडतीय," तो म्हणाला.

उत्पलानं मोठा श्वास सोडला. "मेमरी म्हणजे?"

"हिकडं या." खिडकीतून समोरचं कापडाचं दुकान दिसत होतं. शेठ गादीवर बसून एका बाईला साड्या दाखवत होते. "ती गादी बघा. केवढीशी हाय. चार साड्या पसरल्या की संपली जागा. पाचवी दाखवायची तर आधीची घडी करा, माळ्यावर पाठवा, नवी आणा. बाई म्हणली, आधीचीच परत दाखवा… पुन्हा माळा. गादी म्हणजे मेमरी. माळा म्हणजे आतली डिस्क. तुम्ही मोठं पान जुळवताना खरखर ऐकू येते ना? ती माळ्यावरची पळापळ."

"म्हणजे गादी मोठी केली की यंत्र पळणार?"

"शेठ हाय तेवढाच हुशार राहणार. फक्त फेऱ्या वाचतील."

"आणि शेठच पेंगत असेल तर?" तिनं निष्पाप चेहऱ्यानं विचारलं.

केरबानं तिच्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "मग गादी कितीबी वाढवा… आधी शेठला उठवाया पाहिजे."

तिनं चटकन् मान खाली घातली. ह्याला कळलं की काय? छे. कळलं असतं तर बोलला असता.

*

काका मेमरीची किंमत ऐकून महिनाभर विचारच करत राहिले, आणि महिनाभर म्हणजे चार मंगळवार. सोमवारी संध्याकाळी बटण बाहेर, बुधवारी सकाळी आत. मधल्या दिवशी काकांचा फोन, केरबाची सायकल, चपला हातात, पाणी.

"मला एक सांग पोरी," काका डोकं खाजवत म्हणाले, "ह्याला मंगळवारीच काय होतंय? देवीचा वार, त्या दिवशी तर ताकद यायला पाहिजे." आणि त्यांनी यंत्रावर लिंबू-मिरची बांधली. केरबा आला, लिंबाकडं बघितलं आणि गंभीरपणानं म्हणाला, "हेबी लागतं. पण मेमरी वेगळी."

एका मंगळवारी त्यानं विचारलं, "गाव कोणतं तुमचं?"

"होतं एक." तिचे हात चालायचे थांबले. "विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर गावात जे झालं, त्यात सुटलं. मी सहा वर्षांची होते. घर जळत होतं आणि मी पाटी राहिली म्हणून रडत होते. माझे वडील, आबा, मग मोर्च्यात गेले, सतरा दिवस तुरुंगात होते. अजून सकाळी पेपर आला की आधी तेच शोधतात… विद्यापीठाचं नाव आलं का."

तो बॅगेचा पट्टा आवळत राहिला. तिला वाटलं, सांगायला नको होतं. करमाडचा, मेंढरांमागं वाढलेला. त्याच्या घरी काय बोलत असतील, कोण जाणे.

पुढच्या मंगळवारी त्याच्या बॅगेतून डबा निघाला. त्यात हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी.

"आईनं दिलाय," तो म्हणाला. "मी सांगितलं, एकीचं गाव सुटलंय, तिला शेत नाय. तर म्हणली, मग ने की, विचारतो काय."

थंड झालेला हुरडा कुणी आवडीनं खात नाही. उत्पलानं डबा चाटूनपुसून संपवला.

*

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काकांनी निकाल सांगितला.

"पोरी, शेवटचा उपाय म्हणून मेमरी घालतो. शुक्रवारी संक्रांत, त्याच दिवशी त्या पोराला बोलवलंय. मशीन पळालं तर पळालं. नाय तर जालन्याचा एक जण मागतोय, शनिवारी देऊन टाकतो. आपलं खालचं ट्रेडल भलं. मग तुला मात्र… दुसरीकडं बघावं लागंल."

रात्रभर उत्पलानं एकच हिशेब मांडला आणि तो सुटेना. यंत्र पळालं नाही, तर यंत्रही जाणार आणि कामही. आणि यंत्र पळालं… तर मंगळवारी केरबा कशाला येईल?

शेवटी तिनं ठरवलं. गुरुवारी संध्याकाळी बटण बाहेर काढून ठेवायचं, आणि मेमरी घालून झाली, की हळूच दाबायचं. काम राहील. काकांना वाटेल मेमरीनं जादू केली. आणि केरबा… तो जिन्यात चार पायऱ्यांवर थांबून वर पाहील, शेवटचं. तेवढं पुरवून घ्यायचं.

शुक्रवारी शहर दबकत जागं झालं. चौकात पोलिसांच्या गाड्या, दुकानांची अर्धी शटर. दुपारी बातमी पक्की झाली. कुठूनतरी पहिला फटाका वाजला, मग दुसरा… आणि थोड्याच वेळात जिन्यावर धाडधाड पावलं. उत्पलाचे आबा, बन्सी, वर आले. कंपनीच्या गणवेशातच. हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात वहीचं फाडलेलं पान.

"उत्पल, झालं!" एवढंच त्यांना बोलता आलं. मग पान पुढं केलं. "वस्तीत लावायचंय. अभिनंदनाचं. नाव मोठं पाहिजे. पाच वाजेपर्यंत दे. हे तूच जुळवायचंस."

पानावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. प्रत्येक अक्षर दोनदा गिरवलेलं.

त्यांच्या मागोमाग केरबा चढून आला. त्यानं बंडी काढून लांब टांगली, यंत्र उघडलं, आतल्या चार पट्ट्या काढून नव्या चार बसवल्या. काका आणि आबा दोघंही यंत्राला अगदी चिकटून उभे. उत्पलाला हात पुढं करायलाही जागा नव्हती.

यंत्र सुरू झालं. काळ्या पडद्यावर मेमरीचे आकडे टकटक करत चढू लागले… हजार, दोन हजार, तीन हजार… चार हजार शहाण्णव. काकांनी टाळी वाजवली. "आता बघा!"

उत्पला बसली. तिनं 'डॉ.' टाइप केलं.

'ड' आला. सगळे वाट बघत राहिले. मग अर्धचंद्राचा काना आला. मग टिंब, अगदी सावकाश, दमून.

काकांची टाळी खाली आली. "हे काय रे? एवढ्या महागाची मेमरी घालून गाडं तिथंच! तुला काय येतं का नाय? दीड महिना झाला, नुसतं पाणी पिऊन जातोस!"

केरबा गप्प उभा होता. मान खाली, हात मागं.

तेच उत्पलाला सोसवलं नाही. काम गेलं तर जाऊ दे. पण हा माणूस तिच्या लबाडीसाठी बोलणी खाणार… आणि तेही आजच्या दिवशी, हे नाव पडद्यावर अर्धवट असताना?

ती उठली. सगळ्यांच्या देखत बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं. टक्.

"काका, त्याची चूक नाही. हे बटण बाहेर असलं की मशीन मंद होतं. ते मी काढून ठेवत होते. दर सोमवारी."

"कशाला?"

तिला उत्तर माहीत होतं. आबा समोर होते. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "…मंगळवारी हा यावा म्हणून."

खाली ट्रेडल थांबलं होतं. फटाकेही नेमके तेव्हाच थांबले.

"म्हणजे," काका हळूहळू म्हणाले, "मेमरीची गरजच नव्हती? बटणावर भागत होतं?"

"नाय काका, गरज होती," केरबा पहिल्यांदा बोलला. त्यानं खिशातली वही काढली. "मी मोजलंय सगळं. बघा."

काकांनी चष्मा लावला आणि वही खिडकीच्या उजेडात धरून मोठ्यानं वाचू लागले. हिशेब असो की पत्रिका, मोठ्यानं वाचूनच तपासायचा, ही त्यांची छापखान्यातली चाळीस वर्षांची सवय.

"सात डिसेंबर, मंगळवार. बटण बाहेर. मोठं पान पाच मिनिटं. बाई पाण्याला गेल्यावर बटण दाबून पाहिलं. तीन मिनिटं. खरखर भरपूर. मेमरी खरंच कमी. बटण होतं तसं परत काढून ठेवलं. पिवळी ओढणी." काका थांबले. "ओढणी? ओढणीचा काय संबंध?"

"काका, पुरे," केरबा म्हणाला. त्याचा हात वहीकडं गेला, पण काकांनी पान उलटलंसुद्धा.

"चौदा डिसेंबर, मंगळवार. बटण बाहेर. बरं वाटलं. निळी ओढणी. एकवीस डिसेंबर. बटण बाहेर. पांढरी. अठ्ठावीस डिसेंबर. सकाळपासून भीती, आज बटण आत असलं तर? बाहेर होतं. हुरडा सगळा खाल्ला."

उत्पला पडद्याकडं बघत होती. पडद्यावर काय होतं ते तिला अजिबात दिसत नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं?" ती पुटपुटली.

"दुसऱ्या खेपेलाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुठं बोलत होता?"

काकांनी वही मिटली, चष्मा काढला आणि बन्सीकडं पाहिलं. बन्सीनं यंत्राकडं पाहिलं. मग घसा साफ करून ते म्हणाले, "आधी नाव. पाच वाजत आले. बाकीचं मागनं."

उत्पला बसली. अक्षरं भराभर उमटली. तिनं नाव मोठं केलं, आणखी मोठं, पानभर. खरखर झालीच नाही. केरबानं घड्याळ बघितलं. "दोन मिनिटंबी नाय लागली."

"म्हणजे पळालं म्हणायचं," काका म्हणाले. "जालन्याच्या माणसाला नाय म्हणून सांगतो. आणि पोरी, आता कुठल्याबी वारी ते बटण बाहेर दिसलं तर बघ!"

प्रिंटरमधून गरम कागद बाहेर आला. बन्सीनं तो दोन्ही हातांनी घेतला. अक्षरांवरून अंगठा फिरवला, शाई लागते का बघावं तसा. सोळा वर्षं त्यांनी हे नाव तोंडानं म्हटलं होतं, आज ते कागदावर होतं, आणि लेकीनं जुळवलं होतं. मग कागदाआडून म्हणाले, "पोरा, घरी सांगितलंस का?"

"आईला सांगितलं. ती म्हणली, हुरडा खाणारी पोरगी हाय, भांडणार नाय. बापू, माझे वडील, तीन दिवस बोलले नाहीत." केरबानं मान वर केली. "चौथ्या दिवशी एवढंच विचारलं, मशीन चालवती म्हणजे नेमकं काय करती? मी सांगितलं. आता पुन्हा बोलत नाहीत. पण मेंढराला वळवायचं म्हणलं की ते आधी उलटंच पळतं. मला वळवता येतं."

"आणि नाय वळलं तर?"

"तर मी एकटा येईन. पण येईन."

बन्सीनं कागदाची नीट गुंडाळी केली. "दीड महिना गप्प बसलास, ते काय मला आवडलं नाय. आमच्या घरात जे असंल ते मोठ्यानं बोलतात." जिन्याकडं जाता जाता ते वळले. "रविवारी मुकुंदवाडीला ये. हिची आई, आमची गीताबाई, उलटतपासणी घेईल. मंगळवारी येऊ नको, मशीन चांगलं झालंय आता."

काका अचानक आठवल्यासारखं करून खाली ट्रेडलकडं गेले.

माळ्यावर दोघंच राहिले. बाहेर फटाक्यांना पुन्हा जोर चढला होता. केरबानं बंडी अंगात चढवली आणि तिच्या खिशातून कागदाची पुडी काढली. "आईनं तिळगूळ दिलाय… तुमच्यात चालतो का, मला ठाऊक नाय."

"आमच्यात संक्रांत नसते," उत्पला म्हणाली. आणि त्याचा हात मागं जायच्या आत तिनं पुडीतला एक लाडू उचलला. "पण तीळ असतो. आणि आज आमचा सण मोठा आहे. हा पेढा घे."

"म्हणजे आता 'तू'?"

"वहीत लिहून ठेव."

त्यानं खरंच वही काढली. खिडकीशी उभा राहून लिहिलं, आणि या वेळी वही तिच्यापुढं धरली.

*चौदा जानेवारी, शुक्रवार. बटण आत. हिरवी ओढणी. तरीबी परत यायचंय.*

पेढा देताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. बंडी त्याच्या अंगात होती. टचकन् आवाज झाला… आणि या खेपेला कुणीच हात मागं घेतला नाही.